राहू द्या ताई, मी करते

सोमवार, ३ नोव्हेंबर

आले एकदाची! मुलुंडचं हे पुनर्वसन केंद्र फोटोत दिसतं त्याहून छान निघालं. खिडकीतून डोंगर दिसतो, फिनेलचा वास नाही आणि चहात आलं भरपूर. अर्धांगाच्या झटक्यानंतर आईला सांभाळताना घाटकोपरच्या दोन खोल्यांत मी आणि धाकटा सर्वेश पार दमलो आहोत. तरी मी इथे राहून बघणार म्हटल्यावर तो म्हणाला, हॉटेल आहे का गं ते? म्हणू दे. केंद्र चालवणाऱ्या देवदत्त सरांना मी स्पष्ट सांगितलं, ज्या खाटेवर आईला ठेवाल तिथे आधी आठवडाभर मी पेशंट म्हणून राहणार. तिचं जे जे कराल ते माझं करा. मग ठरवीन. ते हसून हो म्हणाले. पसंत पडलं तर रविवारी आई येईल.

माझ्या देखभालीला चंपामावशी आहेत, मालवणकडच्या. संध्याकाळी मी केस विंचरायला घेतले तर त्यांनी फणी काढून घेतली. राहू द्या ताई, मी करते, म्हणाल्या. तेल लावून घट्ट वेणी घातली. शाळा सुटल्यापासून माझी वेणी कुणी घातली नव्हती. डोळे भरून आले. आई डाव्या हाताने जेवते, सांडते, तेव्हा चमचा घेत मीही तिला हेच म्हणते. माणसं मायेची आहेत.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

खांदे आखडलेत. फणी डोक्यापर्यंत नेता येईना. गादी नवी, म्हणून असेल.

चादरी रोज बदलतात. पेशंट कसे लख्ख! मऊ भात भरवतात, लगेच तोंड पुसतात. शेजारच्या खाटेवरच्या वनमालाबाई तेवढ्या अपवाद. गाऊनवर वरणाचे डाग, मांडीवर शितं. त्यांची वाचा गेली आहे, पण भरवू कुणाला देत नाहीत. थरथरत्या हाताने स्वतःच खातात, अर्धं सांडतात. मावशी म्हणाल्या, म्हातारी भारी खट, घास द्यायला गेलं की चावते मेली. मी मनातल्या मनात केंद्राचा एक गुण कापला. पेशंटला असं बरबटलेलं ठेवतात कसे?

व्यायामाचा हॉल बघितला. धरून चालायचे दांडे, सायकल, सगळं कोरं. वरचं प्लास्टिकसुद्धा अजून निघालेलं नाही.

खांदा दुखतोय म्हणून दुपारी मावशींनी मलाही भरवलं. शेवटचा घास दहीभाताचा, आई द्यायची तसा.

बुधवार, ५ नोव्हेंबर

चमचा तोंडाकडे जात नाही. डाव्या हातानेही नाही. बोटांत ताकद आहे, पेन नीट चालतंय. पण घास उचलला की हात मध्येच थांबतो, जणू पुढचं त्याला माहीतच नाही. देवदत्त सर म्हणाले, आराम अंगावर आलाय हो, घ्या करून. डॉक्टरांना दाखवू या म्हणून मावशींनी चाकाची खुर्ची आणली. मी म्हटलं, चालते की मी. त्या म्हणाल्या, कशाला पायांना त्रास, बसा. बसले. खरं सांगायचं तर बरं वाटलं. कुणीतरी आपल्याला नेतंय.

डॉक्टर आलेच नव्हते.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

पाय हलत नाहीत.

वेणी. घास. चालणं. यांनी जे जे केलं ते ते माझ्यातून—

मावशींना सांगितलं, आता माझं काहीही करू नका. त्यांचे डोळे भरले. काय चुकलं गो माझं, ताई? पाणी खरं होतं. यांना ठाऊकच नाही का? की आहे? डोळे पुसत त्यांनी मला कुशीवर वळवलं. आता मला वळताही येत नाही.

फोन मागितला. ऑफिसात चार्जिंगला लावलाय म्हणाल्या.

वनमालाबाई माझ्याकडे बघत होत्या. हनुवटीवरून वरण ओघळत होतं. त्यांनी चमचा उंच धरला, मला दाखवला आणि स्वतःच्या तोंडात घातला.

कळलं बाई. आता कळलं.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

सर्वेशचा फोन आला. मावशी तो वाजत असतानाच घेऊन आल्या. मी तोंड उघडलं, तर म्हणाल्या, राहू द्या ताई, मी बोलते. बोलल्या. ताई एकदम खूश, रविवार कशाला, उद्याच आणा आईंना. सर्वेश मोठ्याने म्हणाला, झकास! बोललो होतो ना मी, उगाच घोळ घालते ही.

मी हाक मारली. मारली असं मला वाटलं. मावशींनी मान वर केली नाही. सर्वेशनेही—

आवाज गेला.

शनिवार, ८ नोव्हेंबर

सकाळी इथल्या दोघी मावश्यांनी वनमालाबाईंचे हात धरले. तिसरीने भरवलं. त्यांचा गाऊन आता पांढराशुभ्र आहे. चमचा मांडीवर पडलाय. त्या बघत नाहीत त्याच्याकडे.

लिहिणं तेवढं उरलंय. माझ्यासाठी लिहायचं कुणाला सुचलं नाही म्हणून. आईला वाचता येतं. पान उघडं ठेवीन, ती आली की तिच्या नजरेला पडेल—

बाहेर लिफ्ट. सर्वेशचं हसणं. आईची काठी. अजून स्वतः चालतेय ती.

मावशी आल्या. खाटेवर बसल्या. वही बघतायत. हसतायत. किती तो हाताला त्रास, म्हणतात. पेनावर त्यांची बोटं. ऊबदार आहेत—

आई, चमचा तुझ्याच हातात ठेव. सांडलं तरी—