विहिरीचा खरा आकडा

१८ ऑगस्ट, सोमवार

पोहोचले एकदाची बोरटोकला. पारशिवनीपर्यंत एसटी आणि पुढे ऑटो. ऑटोत एका बाईची कोंबडी सगळा रस्ता माझ्या मांडीवर होती. उतरताना बाई म्हणाली, कोंबडीले तू आवडली वं! शकुन-बिकुन आमच्या घरी कोणी मानत नाही, पण मला बरं वाटलं.

केशवकाका, बाबांचे ऑफिसातले दोस्त, आधीच येऊन थांबले होते. एवढे मोठे साहेब, नागपूरचं ऑफिस सोडून माझ्या पहिल्या दिवसासाठी आले! बाबा गेल्यावर ज्यांनी आमचं दार सोडलं नाही असे ते एकटेच. माझी बारावी, धाकट्या सौरवचा आयटीआय आणि आता ही नोकरी, सगळ्यात त्यांचा हात आहे. मात्र ते फार खंगलेत. खोकला थांबत नाही आणि एवढ्या उकाड्यात अंगात स्वेटर.

काम सोपं आहे. यंदा पाऊस धो-धो आहे, म्हणून पातळ्या रोज लागतात. सकाळी आठला शाळेच्या मैदानातलं पर्जन्यमापक, मग पुलाच्या खांबावरची पट्टी बघून पेंच नदीची पातळी, मग घरामागची निरीक्षण विहीर. तिन्ही आकडे फोनवरून ऑफिसला. मी राहते ती खोली गोपिकाबाईंची. पक्का स्लॅब, मागे खाटेला लागून खिडकी, खिडकीतून विहीर.

विहीर मोजायला काकांनी शिकवलं. टेपच्या टोकाला खडू चोळायचा, टेप खाली सोडायचा, वर काढला की खडू कुठपर्यंत भिजला ते बघायचं. शिकवताना ते फाटकाशीच उभे होते, तिथूनच सांगत होते. मी पहिला आकडा वाचला: जमिनीपासून खाली ६ मीटर ४०. काकांनी डोळे मिटले. म्हणाले, "असाच खरा आकडा लिहायचा, बेटा. तुझ्या बाबासारखा."

निघताना त्यांनी स्वेटर काढून हातात घेतला. खोकलेही नाहीत. गावची हवा!

२० ऑगस्ट

विहीर ५.८५. दोन दिवसांत अर्ध्या मीटरहून जास्त चढली. काकांना कळवलं, त्यांनी अंगठा पाठवला.

मजेत आहे. गोपिकाबाईंनी काल पाटवडीचा रस्सा केला होता, डोळ्यांतून पाणी आलं तरी दोनदा वाढून घेतला. त्यांना मूलबाळ नाही, नवरा तीन वर्षांपूर्वी गेला, दोन एकर धान त्या एकट्या करतात. मला येता-जाता हाक मारतात.

एक गंमत. सकाळी उठले तर दोन्ही पाय घोट्यापर्यंत ओले. खाट कोरडी, फरशी कोरडी. घाम असेल.

२२ ऑगस्ट, पोळा

विहीर ५.१०. गावात बैलांना सजवून झालं, गोपिकाबाईंनी आपल्या जोडीला पुरणपोळी भरवली. मी फोटो काढून सौरवला पाठवले. तो म्हणाला, ताई तू तर सुट्टीवरच गेलीस.

पाय पुन्हा ओले होते, आता पोटऱ्यांपर्यंत. पुसले, दहा मिनिटांत परत. कातडी पांढरी आणि सुरकुतलेली, कपडे धुवून धुवून बोटं होतात तशी. आणि एक सरळ रेघ आहे. रेघेखाली ओलं, वर कोरडं.

गोपिकाबाईंना विचारलं की माझ्याआधी कोण मोजायचं. म्हणाल्या, केशव साहेबच. पण ते कधी विहिरीपाशी गेले नाहीत. "तिकडे पाहेच नाही वं तो माणूस. इथंच आंगणात बसे अन् मनानंच आकडे लिहे."

आणि मला म्हणतात खरा आकडा लिही!

२४ ऑगस्ट

विहीर ३.९०. काल रात्रभर कोसळला, धरणाचे दरवाजे उघडलेत. पुलाच्या पट्टीवर धोक्याची लाल खूण गाठायला दोनच बोटं उरलीत.

रेघ गुडघ्यांच्या वर आली. मी घाबरत नाही, मोजते. काल संध्याकाळी पेनाने मांडीवर खूण केली होती. विहीर जशी चढली तशी रेघ खुणेच्या वर गेली. वासही ओळखीचा आहे. टेप वर काढला की येतो तो, शेवाळाचा.

गोपिकाबाईंना पाय दाखवले. त्यांनी रेघेवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, धम्माभाऊचे पाय असेच होते.

कोण धम्माभाऊ, मी विचारलं. बारा वर्षांपूर्वी इथे मोजायला यायचे, याच खोलीत राहायचे. दिवसभर उन्हात बसायचे, सारखा टावेल मागायचे. नागपूरचे, इंदोऱ्याचे. "मले वाटलं तुले माहीत आहे, पोरी. त्याच्यावानीच नाक आहे तुयं."

धम्मानंद. माझे बाबा.

बाबा नागपूरच्या ऑफिसात बसायचे. काकांनी आम्हाला हेच सांगितलं होतं. महिन्यातले पंधरा दिवस घरी नसायचे ते दौऱ्यावर. मी नववीत असताना ते घरी खाटेवरच गेले. डॉक्टर म्हणाले होते, फुप्फुसात पाणी. आईने गादी उचलली तर खाली धार लागली होती. हे मी कुणाला कधी सांगितलं नव्हतं.

२५ ऑगस्ट

विहीर ३.२०. रेघ कमरेपर्यंत.

काकांना अकरा वेळा फोन केला. उचलत नाहीत. दुपारी एक मेसेज आला: "रीडिंग वेळेवर येत आहे. शाब्बास."

२६ ऑगस्ट

विहीर २.७०.

गोपिकाबाईंच्या फोनवरून लावला, तेव्हा उचलला. मी रडणार नाही असं ठरवलं होतं. काकांचा आवाज मोकळा होता, खोकला नाही. मागे टीव्ही चालू होता, त्यांच्या मुली हसत होत्या.

नाकारतील असं वाटलं होतं. नाकारलं नाही. म्हणाले, जो या विहिरीत टेप सोडून खरा आकडा घेतो, तिचं पाणी त्याच्या अंगाला लागतं आणि आधीचा सुटतो. आधी काकांना लागलं. त्यांनी टेप बाबांच्या हातात दिला. बाबा गेले तसं ते काकांकडे परत आलं. मग काकांनी विहिरीत डोकावणंच सोडलं. कमी पावसाच्या वर्षी घोट्यापर्यंत राहायचं, स्वेटर आणि मोज्यांवर भागायचं. यंदा जुलैच्या पहिल्या पुरातच छातीला येऊन ओसरलं, पण खोकला राहिला.

मी विचारलं, मीच काहून? ऑफिसात वीस माणसं आहेत.

"ते सारे थातूरमातूर मोजतात, बेटा. खोटं मोजलं तं ते जात नाही. तू मनापासून मोजशील, हे मले माहीत होतं. मी तुले परकी समजलो असतो तं तुयावर भरवसा केला असता का?"

शेवटी म्हणाले की कुणाच्याही हातात टेप दे, सुटशील. बाजूची ती बाई आहेच, एकटी आहे, तिच्यामागं कोणी नाही.

दर वर्षी दीक्षाभूमीला सौरवला खांद्यावर बसवून नेणारा माणूस. बाबांच्या फोटोला स्वतः हार आणायचा. टेप दिला त्याच हातांनी.

२७ ऑगस्ट

मोजलं नाही. टेप विहिरीत टाकून दिला. पहिल्या बसने रामटेकला गेले आणि गड चढले. एवढ्या उंचावर कुठलं पाणी येणार.

अर्ध्या पायऱ्यांवर कुडता छातीपर्यंत भिजला. ऊन पडलं होतं. लोक बाजूला सरकले. एका म्हातारीने विचारलं, तळ्यात पडली का वं. बोलायला गेले तर तोंडातून पाणी आलं. थोडंसंच, गार.

परत आले. दुसरं कुठे जाऊ? घरी? आईच्या खाटेवर?

पारशिवनीच्या डॉक्टरांनी छाती ऐकली. नागपूरला जा म्हणाले, फुप्फुसात

मला माहीत आहे काय ते.

२८ ऑगस्ट

पाऊस. विहिरीतलं पाणी आता खिडकीतून दिसतं. काठापासून हातभर खाली.

रेघ गळ्याशी. उताणं झोपता येत नाही. बसून लिहिते.

गोपिकाबाई आल्या, केस पुसून दिले. म्हणाल्या, तुयं काम राहून गेलं असेल, सांग कसं मोजतात, मी मोजून देतो. किती सहज म्हणाल्या. मी एक क्षण — नाही, खरं लिहिते — एका क्षणाहून जास्त वेळ त्यांच्या हातांकडे बघत राहिले. चिखलाचे, भेगा पडलेले. मग मान हलवली. नको. नको म्हणतानाही पाणी आलं.

काका माझ्याबाबतीत एवढंच चुकले.

आईला फोन करायचा होता. फोनमध्ये पाणी गेलंय. पेटत नाही.

२९ ऑगस्ट

आवाज नाही. हनुवटी —

उठता येत नाही. पाय तरंगल्यासारखे. पेन धरता येतं अजून.

सकाळी ऑटोचा आवाज. सौरव! सौरव आला. बॅग टाकून माझ्यापाशी बसला. घाबरला बिचारा. म्हणाला, काकांचा फोन आला होता, ताईला बरं नाही, तिची नोकरी जाईल, दोन दिवस तू रीडिंग घे. काकांनीच बसस्टँडवर सोडलं. डबा दिला वाटेत खायला.

मी मेले की पाणी परत त्यांच्याकडे जाईल. म्हणून आधीच —

हात धरला त्याचा. तोंड उघडलं. पाणी. फक्त पाणी. त्याने पुसलं. म्हणाला, ताई तू पडून राहा, आठ वाजलेत, आधी तुझं रीडिंग पाठवतो, मग गाडी करून नागपूरला मेयो हॉस्पिटलात नेतो.

टेप विहिरीत आहे. टेप नाही. सुटलो —

बॅगेतून नवा काढला. काकांनी दिलाय. पाकीटसुद्धा फोडलं नव्हतं.

खिडकीतून दिसतो. काठाशी वाकलाय. खडू चोळतो. कुणी शिकवलं याला — त्यांनीच. शांतपणे, बेटा बेटा करत.

गोपिकाबाई शेतात. कुणी नाही.

काच बडवली. त्याने बघितलं. हसून हात हलवला.

तो मोजेल तर मी सुटेन. आत्ता. श्वास येईल.

नाही. नाही. मोठ्या अक्षरांत लिहून काचेला लावते. डोळ्यांवर पाणी आलं, नीट दिसत —

सौरव टेप सोडू नको. काकांनीच बाबांना