बाटलीतली मामुशी

कामिनासे,
१७ सप्टेंबर १९६०

चि. तोयोमीस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

ओसाकात उकाडा ओसरला का? इकडे भात पिवळं पडलंय, रानडुकरांनी एक खाचर तुडवलं. आम्ही तिघं बरे आहोत. दोनदा एवढंच लिहून कागद चुलीत टाकला. हा टाकणार नाही.

गेल्या महिन्यात यांनी बांधावर मामुशी पकडली, चांगली विषारी सापीण. दरवर्षीसारखी बाटलीत बोटभर पाण्यात जिवंत ठेवली. पोट साफ झालं की वर दारू ओतायची, औषधाला. परवा सकाळी सायो ओरडली, "आई, बाटलीत पिल्लं!" बघते तर सहा. पेन्सिलीएवढी, शेपटीची टोकं पिवळी.

शेजारची ओतोरा आजी शेंगा द्यायला आली होती. म्हणाली, "तोंडातून काढते ही पिल्लं. म्हणून तर आधी कुणाला तरी चावून दात पाडून घेते."

"खोटं! शेवटचं मी पाहिलं, शेपटीकडून आलं," सायो म्हणाली. "सर सांगतात, हिरवे साप अंडी घालतात नि निघून जातात. मामुशी पोटातच ठेवते. हो ना गं आई?"

आजी हसली. "तिला काय विचारतेस! तिला बाळंतपणातलं काय ठाऊक?"

बोलून गेली आणि जीभ चावली. सायो माझ्याकडे बघत राहिली. मी शेंगा सोलायला घेतल्या. दाणे आणि टरफलं एकाच टोपलीत पडत होती.

दुपारी फळीवर बाटली नव्हती. सायो शाळेत गेलीच नव्हती. तोयोमी, मी अनवाणी धावले गं. ओढ्याकाठी सापडली. बाटली आडवी, रिकामी. मी तिची बोटं, पोटऱ्या चाचपत सुटले.

"नाही चावलं," ती म्हणाली. "काठीनं बूच काढलं नि लांब उभी राहिले." मग म्हणाली, "मी कुणाच्या पोटात होते?"

नऊ वर्षं उत्तरं घोकली होती. एकही आठवेना. "तोयोमी मावशीच्या," मी म्हणाले.

बराच वेळ पाण्यात खडे टाकत बसली. "म्हणजे ती अंडी घालून निघून गेली?"

नुसती गप्प राहिले असते तरी माझं काम झालं असतं, हे मला त्या क्षणी कळत होतं. तुलाही कळू दे. मग सांगितलं. तो माणूस परत आला नाही, आपल्या बाबांनी तुला घरात ठेवलं नाही, आणि बाळ घेताना तुझी बोटं मला एकेक करून सोडवावी लागली.

"मग ती येत का नाही?"

बोनला, पितर घरी येतात त्या दिवसांत, तू येणार होतीस. तिला सगळं सांगायला. सायोला गोवर आलाय, येऊ नकोस, असं मी कळवलं. तिला गोवर आला नव्हता. तू सांगशील आणि ती तुझ्यामागे चालू लागेल, या भीतीनं लिहिलं. हेही तिला सांगितलं.

तेव्हापासून जेवते, दप्तर भरते, पण बोलत नाही. आज सकाळी पहिल्यांदा तोंड उघडलं: "ओसाकाची गाडी किती वाजता येते?"

तू ये. भात कापायच्या आधी ये. ती तुझ्याबरोबर निघाली तर अडवणार नाही, असं लिहायला बसले होते, ते काही लिहवत नाही. अडवीन कदाचित. तरी ये.

तुझी ताई,
आणि सायोची कोण ते तीच ठरवील,
शिगेनो