शियानबाशीतली तुमची बाटली

आदरणीय सेइकिची-सान यांना नागासाकीहून शिगेमीचा नमस्कार.

मोगी गावची लोकाट फळं बाजारात आली आहेत, पण यंदा आंबट निघाली. (पत्राची सुरुवात ऋतूने करावी अशी रीत आहे, म्हणून लिहिलं. गोड असती तरी माझ्या दातांना चालली नसती.) तुमचा गुडघा, रक्तदाब आणि सूनबाई कशा आहेत? फुकुओकाला मुलाकडे राहायला गेल्यापासून तुमची पत्रं कमी झाली, ते मी समजून घेतलं. पण यंदा नववर्षाचं कार्डही आलं नाही. आपल्यात कुठल्या घरातून कार्ड येत नाही, हे मी तुम्हाला काय सांगणार. ज्या घरात सुतक असतं त्या घरातून. फोन केला की सूनबाई उचलतात आणि "बरे आहेत" म्हणतात, तेही सुई टोचायच्या आधी नर्सबाई "काही दुखणार नाही" म्हणतात त्या आवाजात. तेव्हापासून मला झोप नाही. तोमिए म्हणते, त्याआधी तरी तुम्ही कुठे झोपत होता. बायकोला नवऱ्याच्या काळजीची अशी कदर असते.

इथलं सांगायचं तर शियानबाशीत आता आपलं कोणी राहिलं नाही. रंगेल लोक पूर्वी तिथल्या पुलावर थांबून पलीकडच्या नाचगाण्याच्या वस्तीत जावं की घरी परतावं असा विचार करायचे, म्हणून तो शियानबाशी, विचारपूल. पूल कधीच गेला, विचार करायचं काम तेवढं माझ्याकडे आलं. बंदरात मोठाली प्रवासी जहाजं लागतात. पाहुणे दुपारभर कास्तेला केक आणि कासवाच्या पाठीचे कंगवे विकत घेतात, इनासा डोंगरावरून दिवे बघतात आणि मग पिशव्यांसकट आपल्या 'हामायू' बारमध्ये शिरतात. (पिशव्यांनाही एक एक स्टूल लागतं.) मालकीण सुमिएबाईंच्या भाच्याने फोनवर कुठेतरी लिहून ठेवलंय की इथे खरे गाववाले बसतात. ते खरे गाववाले म्हणजे मी. बाकीचे वारले किंवा त्यांना साखर झाली. मी वाळवलेला माकूळ चावत असतो आणि लोक माझे फोटो काढतात. परवा सुमिएबाई म्हणाल्या, "शिगे-सान, इस्त्रीचा शर्ट घालून येऊ नका हो, बँकेतले वाटता. आणि जरा हसा." मी हसलो. "नको, राहू द्या," म्हणाल्या.

आता मुख्य गोष्ट. फळीवर आपापल्या नावाच्या बाटल्या असतात, आणि सहा महिने कोणी हात लावला नाही तर बाटली खाली उतरते, हा बाईंचा नियम तुम्हाला माहीत आहे. हल्ली पाहुणेही बाटल्या घेतात, नाव लिहितात, परत येऊ म्हणतात, त्यामुळे फळी भरली. तुमच्या शोचू दारूच्या बाटलीकडे बाईंचा हात गेला की मी म्हणायचो, "पुढच्या महिन्यात येतायत." त्या म्हणायच्या, "तुमचा पुढचा महिना फार लांबचा असतो." अशात एका संध्याकाळी ऑस्ट्रेलियाचं एक जोडपं माझ्या शेजारी बसलं. दोघं धिप्पाड पण स्वभावाने गरीब. (बाईने माझं लोणचं आपलं समजून संपवलं.) तिने तुमच्या बाटलीकडे बोट करून, हा माणूस कुठे, असं खुणेने विचारलं. मला त्यांची भाषा येत नाही. फुकुओका उत्तरेला, आणि शाळेत शिकलो तेवढ्यात नकाशावर उत्तर वर असते, म्हणून मी बोट वर केलं.

त्यांनी पेले खाली ठेवले. नवऱ्याने टोपी काढली. बाई माझा हात हातात घेऊन रडायला लागली. मी तेव्हाच मान हलवायला हवी होती. पण ती इतकं मनापासून रडत होती की मध्येच थांबवणं बरं दिसेना. मग माझ्याही डोळ्यांत पाणी आलं आणि प्रकरण पक्कं झालं. त्यांनी तुमच्या बाटलीपुढे एक पेला भरून ठेवला. सुमिएबाई बघत होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच पेला ठेवला. म्हणाल्या, "मेलेल्याची बाटली मी काढत नाही. नियम जिवंतांना." आता प्रत्येक जहाजाचे लोक तुमच्यापुढे वाकतात. कोणीतरी अननसाचा केक ठेवला होता. (तो मी खाल्ला. तुम्हाला गोड आवडत नाही.) टोफूवाली माझ्यावर रुसली आहे, अंत्यविधीचं कळवलं नाही म्हणून. मला तिला खरं सांगता येईना. खरं मला तरी कुठे ठाऊक आहे? ते बोट आपण उगाच वर केलं की त्याला काही आधीच कळलं होतं, हा विचार मनातून जात नाही.

प्रकृतीला जपा. उत्तराची घाई नाही.

तुमचा,
उराकावा शिगेमी

ता. क. घाई आहे. कोरं कार्डही चालेल, पण पत्ता तुमच्या हातचा हवा. आपण गोदीत कामाला असताना तुम्ही पत्र्यावर खडूने लिहायचात, ते पुढे झुकलेलं अक्षर मी कुठेही ओळखेन.

ता. क. २. आणि प्रवास झेपत असेल तर या. बाटली गेली तर जाऊ दे. सुमिएबाई म्हणतात, जिवंत आलात तर आधी झाडू, मग पेला.

ता. क. ३. सूनबाई, पत्र तुम्हीच उघडलं असेल तर त्यांना मोठ्याने वाचून दाखवा, डाव्या कानाशी. ऐकून ते मला "गाढव" म्हणतील. तेवढाच एक शब्द कार्डावर लिहून पाठवा. काहीच बोलले नाहीत, तर कार्ड पाठवू नका.