राण्यांचे कपाट आणि रझियाचा फोटो

मी, जमना चिमण तामोरे, वय वर्षे एकाहत्तर, धंदा शिवणकाम आणि गॅदरिंगचे पोशाख भाड्याने देणे, राहणार सरावली, तालुका डहाणू, जिल्हा पालघर, हे मृत्युपत्र माझ्या डहाणू रोडच्या दुकानात, मशीनसमोरच्या स्टुलावर बसून करीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, पण तो वकीलबाईंच्या समाधानासाठी. सुईत दोरा मी अजून चष्म्याशिवाय ओवते. माझ्यावर कोणी जबरदस्ती केलेली नाही, आणि कोणाला करून बघायची असेल तर कात्री हाताशीच आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

मजकूर लॅपटॉपवर उतरवून घेत आहेत अ‍ॅडव्होकेट चंद्रिका पागधरे. पाचवीत असताना ही माझ्याकडून अहिल्याबाईंचा पोशाख घेऊन गेली आणि हातातली महादेवाची पिंडी हरवून आली. मी तिला सांगितले आहे, बाई, मी बोलेन तसे लिही, चाळणी लावू नकोस. ती म्हणते, "मावशी, कायद्याच्या कागदात एवढं बोलत नाहीत." मी म्हटले, कायद्याला कुठे घाई आहे?

मृत्युपत्र करण्याचे कारण असे. माझा पुतण्या नविन, म्हणजे माझ्या दिरांचा मुलगा, गेल्या आठवड्यात मोजायची टेप घेऊन दुकानात आला. मी मशीनवर बसलेली. तो भिंती मोजत मोजत माझ्यापर्यंत आला आणि म्हणाला, "काकी, जरा पाय उचला ना." मी उचलले. तो मोजून गेल्यावर मला राग आला. जिवंत माणसाच्या पायाखालून टेप घालतात का कधी? त्याला इथे ज्यूस सेंटर काढायचे आहे. मला मूलबाळ नाही. वकीलबाई म्हणतात, मी काही न लिहिता गेले तर दुकान नवऱ्याकडच्या माणसांना जाईल, म्हणजे नविनला. म्हणून खालीलप्रमाणे व्यवस्था करीत आहे.

कलम १. सरावलीचे राहते घर. ते माझ्या सासरचे. ते मी दोन वर्षांपूर्वीच बक्षीसपत्राने नविनच्या नावे करून टाकले आहे, त्यामुळे या कागदात त्याचा प्रश्न नाही. काकीने मला काय दिले, असे नविनने कुठे म्हणू नये, एवढ्यासाठी हे कलम.

कलम २. डहाणू रोडचे दुकान, त्यातील कपाट व माल यांसह. हे मी माझ्या शिलाईवर घेतले. माझे यजमान चिमण हेही शिंपीकामच करीत. पँटी उत्तम शिवत. मी पहिल्यांदा झाशीच्या राणीचा अंगरखा शिवायला घेतला तेव्हा म्हणाले, "गिऱ्हाइकांची ब्लाउजं पडलीत आणि तू राण्यांना काय कपडे शिवतेस? त्या काय ट्रायलला येणार आहेत?" डिसेंबरात रांग ओट्याखाली गेली तेव्हा तलवारीच्या म्यानाला स्वतः टिकल्या लावल्या. भला माणूस. लवकर गेला.

तर हे दुकान मी निर्मला लहान्या वरठा, राहणार सायवन, हिला देत आहे. निर्मला ही माझी नातेवाईक नाही. ती वारली, मी मांगेला; ती डोंगराकडची, मी चिंचणीच्या खाडीची. काज-बटण करायला म्हणून आली आणि राहिली. सायवनहून एसटीने येते, एसटी नसली तर टमटमने, आणि दुकान माझ्या आधी उघडते. तिला मी हे अजून सांगितलेले नाही. ज्यूस सेंटरची गोष्ट ऐकल्यापासून ती तारापूरच्या कंपनीत काम मिळते का म्हणून विचारत फिरते आहे, आणि मला कळू नये म्हणून फोनवर हळू बोलते. अगं, दुकान केवढे, आवाज जाणार कुठे? आज मुद्दाम तिला अस्तराचे कापड आणायला पाठवले आहे. हे दुकान तिच्याकडे गेले नाही तर माझ्या राण्या भंगारात जातील आणि ती कंपनीच्या पाळीला जाईल. दोन्ही मला सहन होणार नाही.

कलम ३. कपाटातील राण्या. या विकू नयेत. भाड्याने द्याव्यात, आणि दुकानाचा नियम पाळावा. नियम असा: जी मुलगी पोशाख न्यायला येईल तिने आधी सांगायचे, ही बाई कोण, कुठली, आणि हिने काय केले. नाव सांगितल्याशिवाय पोशाख हाताला लागणार नाही. पोरी येतात आणि म्हणतात, "मला राणी पाहिजे." कुठली? "चमकीवाली." अशा पोरीला बाकावर बसवून मी गोष्ट सांगते, मग परीक्षा घेते, मग पोशाख देते. आया कुरकुरतात. कुरकुरू देत.

या नियमामागे एक जुना राग आहे. चिंचणीच्या शाळेत गॅदरिंगला दरबार बसवला होता. राणी केली एका गोऱ्या मुलीला. मी काळीसावळी, मला चवरी ढाळायला उभी केली. राणी ऐन वेळी बोलायचे विसरली आणि तिचे सगळे बोलणे मी चवरीआडून तिला पुरवले. टाळ्या तिला. बाई माइकवर सगळ्यांची नावे घेत गेल्या, माझ्यापाशी आल्या आणि म्हणाल्या, "आणि एक दासी." आई मासळी विकून, टोपली घेऊन तशीच आली होती माझे नाव ऐकायला. त्या बाई आता नाहीत, त्यांना सद्गती मिळो. पण मी त्यांना माफ केलेले नाही, आणि ते या कागदावर राहू द्यावे. माझ्या दुकानात दासीचा पोशाख नाही. कोणी मागितला तर नाही म्हणून सांगावे.

आता एकेक.

झाशीची राणी सगळ्यात जास्त जाते, तिची शिवण दर वर्षी तपासावी. सावित्रीबाईंच्या लुगड्यावर शेणाचे डाग म्हणून मी रंग लावला आहे; नवीन माणूस धुऊन टाकेल, धुऊ नये. इंग्लंडच्या पहिल्या एलिझाबेथची गळ्याभोवतीची मोठी झालर मी माहेरच्या जुन्या मासेमारीच्या जाळ्याची केली आहे, खळ घालून. पावसाळ्यानंतर तिला दोन उन्हे दाखवावीत, नाहीतर राणीला बोंबलाचा वास येतो. एका शाळेने ती हिरव्या चटणीसकट परत केली. ती कुठली शाळा ते निर्मलाला माहीत आहे; त्यांना पुन्हा द्यायची नाही.

इजिप्तची क्लिओपात्रा. हिला कितीतरी भाषा येत होत्या म्हणून जग कौतुक करते. करावे. पण आपल्या डहाणूच्या बाजारात भाजीवालीसुद्धा मराठी, गुजराती, वारली आणि हिंदी एका दमात बोलते, हेही पोरींना सांगावे.

मेरी क्युरी. काळा झगा, चमकी नाही, म्हणून कोणी नेत नाही. दोन नोबेल मिळाली त्या बाईला आणि आमच्या कपाटात पडून आहे! जी मुलगी आपणहून हिला मागेल तिला भाडे लावू नये.

अमेलिया इअरहार्ट, एकटीने विमान घेऊन अटलांटिक ओलांडणारी. टोपी रेक्झिनची, गॉगल वेल्डिंगवाल्याचा. जपानच्या जुन्को ताबेई, एव्हरेस्टवर चढलेल्या पहिल्या बाई. बर्फाचा कडा कोसळून तंबूत गाडली गेली, तरी थोड्या दिवसांत उठून वर गेली. तिचे जाकीट मुलीला शेवटच्या क्षणाला चढवावे. ती बर्फात टिकली, पण डहाणूच्या हवेत आमची ताबेई घामाने भिजून रडायला लागली होती.

फ्रान्सची झान बारे. जहाजावर बाईला बंदी, म्हणून पुरुषाचे कपडे घालून, पुरुषाचे नाव सांगून चढली, झाडे-पाने गोळा करीत पृथ्वीला वळसा घालून आली. हिचा पोशाख म्हणजे नुसती विजार आणि सदरा. आया म्हणतात, यात राणी कुठे आहे? मी म्हणते, बाई, आत आहे.

आणि आफ्रिकेची राणी न्झिंगा. ही निर्मलाची मुलगी रोशनी हिची. न्झिंगा पोर्तुगीज साहेबाकडे बोलणी करायला गेली तर त्याने बसायला खुर्ची दिली नाही, तेव्हा आपल्या माणसाच्या पाठीवर बसून बरोबरीने बोलली, अशी गोष्ट सांगतात. पोर्तुगीज म्हणजे तेच, ज्यांनी आपल्याकडेही किल्ले बांधले. रोशनीला शाळेत "तू झाड हो" म्हणून सांगितले होते. मी तिला न्झिंगा करून पाठवली. ती स्टेजवर कोणाच्या पाठीवर बसली नाही; खाली उतरली, पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांना म्हणाली, "जरा उठता का?" आणि त्यांची खुर्ची घेऊन वर गेली. मी एवढी हसले की निर्मलाने मला पाणी पाजले. न्झिंगाचा पोशाख रोशनीला कायमचा देत आहे. तिला तो आता आखूड होतो. खाली उसवून लांब करण्याइतके कापड मी दुमडून ठेवले आहे.

कलम ४. बँकेतील शिल्लक. त्यातून माझे क्रियाकर्म साधेपणाने करावे, उरेल ते रोशनीच्या शिक्षणाला द्यावे.

कलम ५. भिंतीवरचा फोटो. हा मी नविनला देत आहे. फोटोत रझिया सुलतान उभी आहे. रझिया म्हणजे दिल्लीच्या तख्तावर बसलेली, पडदा सोडून अंगरखा-टोपी घालून हत्तीवर फिरणारी. खाली शाळेची चिठ्ठी चिकटवली आहे: "रझिया सुलतान, कु. तुळशी. प्रथम क्रमांक." तुळशी त्या दिवशी तापाने फणफणली होती. पोशाख तयार, हत्ती तयार, मुलगी नाही. नविन तेव्हा तिसरीत. मी त्यालाच उभा केला. पुरुषाचे कपडे घातलेली राणी, आणि ती झालेला मुलगा! असा काही गरजला की परीक्षकांना शंका आली नाही, आणि आम्हीही तोंड उघडले नाही. तेव्हापासून दर दिवाळीला म्हणतो, "काकी, तो फोटो काढा ना." त्याला लाज वाटते. दुकान निर्मलाला गेल्यावर तरी त्याच्या जिवाला शांतता मिळावी म्हणून फोटो त्याला. जाळावा, फाडावा, त्याची मर्जी.

कलम ६. मला नेताना कोणत्याही राणीचा पोशाख घालू नये. निर्मला हळवी आहे, तिला सुचेल, म्हणून लिहिते. मी डिसेंबर-जानेवारीत गेले तर सगळ्या राण्या बुक असतात. माझी निळी साडी घालावी, आणि दुकान त्या दिवशीही दुपारनंतर उघडावे. लेकरांचे कार्यक्रम थांबत नाहीत.

कलम ७. या मृत्युपत्राच्या व्यवस्थापक म्हणून अ‍ॅड. चंद्रिका पागधरे यांस नेमीत आहे. पिंडी हरवली, हे हरवू नये.

सही करण्यापूर्वीची जोड. साक्षीदार दोन लागतात. एक शेजारचे घड्याळवाले देवजीभाई आले आहेत. दुसरा दिपक फोटोवाला लग्नाच्या ऑर्डरला तलासरीला गेला आणि फोन उचलत नाही. एवढ्यात नविन आला, हातात टेप. म्हणाला, "दरवाजाची उंची राहिली होती." मी म्हटले, आधी हे वाच.

तो कपाटाला टेकून सगळे वाचत होता. कलम दोनशी थांबला, कानशिले लाल झाली. वकीलबाईंनी मला आधीच बजावले होते की नविन कोर्टात गेला तर निर्मलाच्या वाट्याला वर्षानुवर्षे तारखा येतील. माझा जीव टांगणीला. मग तो कलम पाचपाशी आला आणि एकदम म्हणाला, "काकी, कोणी सांगितलं तुम्हाला लाज वाटते म्हणून?"

मी म्हटले, मग फोटो काढा असे का म्हणतोस?

"खाली तुळशीचं नाव आहे! बक्षीस मी आणलं. मी! सगळी पोरं टाळ्या वाजवत होती आणि कप गेला तुळशीच्या घरी. तुम्ही त्या पोरींना नाव सांगितल्याशिवाय कपडा देत नाही, आणि माझं नाव चाळीस वर्षं कोणी लिहिलं नाही."

मला माझी आई आठवली, टोपली घेऊन उभी राहिलेली. मी नविनला जवळ घेतले. एवढा मोठा बाप्या, पण घेतले.

त्याने विचारले, दुसरा साक्षीदार कोण? मी म्हटले, दिपक, पण तो नाही. तो म्हणाला, मग मी करतो सही. वकीलबाईंनी त्याला स्पष्ट सांगितले की मृत्युपत्रात ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार म्हणून सही केली तर त्याचे ते मिळणे रद्द होते. सही केलीस तर फोटो जाईल. तो म्हणाला, "जाऊ दे. दुकानातच राहू दे." आणि माझ्याकडे वळून, "पण ओट्यावर चिकूच्या मिल्कशेकची गाडी लावेन. निर्मलाताईंना भाडं देईन." मी म्हटले, ते तिला विचार, मालकीण ती होणार आहे. ही बघा, येतेच आहे अस्तर घेऊन.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो मी सांगितल्याप्रमाणे आहे. दोन्ही साक्षीदारांदेखत सही करते.

(सही) जमना चिमण तामोरे
डहाणू रोड, दिनांक १२ नोव्हेंबर २०२५

साक्षीदार १: (सही) देवजी, घड्याळ दुरुस्ती, डहाणू रोड. बाई शुद्धीत आहेत, मी चाळीस वर्षे बघतो.

साक्षीदार २: (सही) नविन तामोरे, राहणार सरावली. काकींनी माझ्यासमोर सही केली. फोटोवरचा हक्क गेला हे मला समजले आहे. चिठ्ठी मी आताच बदलली: "रझिया सुलतान, कु. नविन. प्रथम क्रमांक."