पेरूच्या ओळीतून जाईल असा

३ ऑक्टोबर, शुक्रवार
सकाळी पटेलजींचा फोन. शहपुऱ्याच्या रस्त्यावरची आमची दोन एकर तेच अधियावर, अर्ध्या वाट्याने, करतात. त्यांचा नवा ट्रॅक्टर मोठा, पेरूंच्या ओळीत वळत नाही. मटार पेरायचा तर झाडं काढा, नाहीतर नांगरणीचं तुम्हीच बघा. दिवाळीपर्यंत काय ते सांगा, म्हणाले.
बावीस झाडं. बाबांनी लावली तेव्हा मी सातवीत होते.
यांना सांगितलं. हे खमरियाच्या कारखान्यात फिटर होते, आता रिटायर. उजव्या हाताला कंप सुरू झाल्यापासून हत्यारांची पेटी पलंगाखाली आहे. म्हणाले, "छोटा, जुना, पेट्रोलवाला पाहू. डिझेलचे हादरे तुझ्या मनगटाला झेपणार नाहीत."
तुझ्या म्हणाले! म्हणजे चालवायचा मीच.

५ ऑक्टो., रविवार
शेतावर. दोन ओळींमधली सगळ्यात अरुंद जागा सुतळीने मोजली. दोन्हीकडच्या झाडांपासून वीत-वीत सोडून उरलेल्या रुंदीला गाठ मारली. गाठीच्या आत बसेल तोच ट्रॅ. आपला. सुतळी पर्समध्ये ठेवली.
शाळेच्या बागेत सिस्टर अगाथा असाच छोटा ट्रॅक्टर चालवायच्या. पांढऱ्या झग्यात, मोजे घालून. शनिवारी आम्हा मुलींना ट्रॉलीत बसू द्यायच्या. पेट्रोलचा तो वास. अजून कुठे आला की मला भूक लागते.

८ ऑक्टो.
गढ्यातल्या एका मेकॅनिककडे एक आहे असं कळलं. मी फोन करून सांगितलं, दहाला येतो. बरोब्बर दहाला पोचलो. एका झटक्यात सुरू झाला. सुतळीत बसला. मी तर पर्स उघडायच्या बेतात.
यांनी सुरू व्हायच्या आधीच इंजिनवर तळहात ठेवला होता. मला बाजूला घेऊन म्हणाले, "गरम आहे. थंड असताना सुरू होतं का, ते पाहूच दिलं नाही त्यानं. काहून कळवलं तू?"
काहून म्हणजे? न कळवता कुणाच्या दारात उभं राहू नये, अकरा वर्षं कॉन्व्हेंटमध्ये हेच शिकले.
मग यांनी तेलाची दांडी काढून दाखवली. तेल दुधाच्या चहासारखं. आत पाणी जातं म्हणे. मेकॅनिक हसून म्हणाला, "अम्मा के लिए सुबह से तैयार रखी थी." परत आलो.

११ ऑक्टो., शनि.
आज न कळवता. कटंगीच्या रस्त्यावर मिसेस पीटर म्हणून बाई, ऐंशीच्या पुढच्या, नवऱ्याची बाग सांभाळतात, त्यांचा छोटा ट्रॅ. विकायचा आहे. आम्ही गेलो तर उन्हात केस वाळवत बसलेल्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या म्हणाल्या, बता देतीं तो चाय चढ़ा देती. हे म्हणाले, "इसीलिए नहीं बताया, मैडम."
ट्रॅ. शेडमध्ये, बर्फासारखा थंड. छान. चोक ओढला, तिसऱ्यांदा लागला. हे डोळे मिटून ऐकत होते. चार सिलिंडरमधला एक मारत नाही, म्हणाले. प्लग काढला, रुमालाने पुसला, लावला. आवाज सरळ झाला. काढताना-लावताना हात हलला नाही. मी पाहिलं.
मग मागचा कल्टिव्हेटर, फाळांचा सांगाडा, उचलून इंजिन बंद केलं. चहा होईपर्यंत दोन बोटं खाली उतरला. उचलणीच्या आतली रबराची रिंग गेलीय, मिळाली नाही तर यांचे कारखान्यातले मित्र करून देतील. पेट्रोल बरंच पितो हेही मिसेस पीटरनी स्वतःच सांगितलं.
शेवटी सुतळी. चाकं गाठीच्या बाहेर, प्रत्येक बाजूला चार-चार बोटं. मी सुतळी गुंडाळून पर्समध्ये ठेवली.

१२ ऑक्टो.
दिवसभर काही सुचलं नाही. पटेलजींना फोन लावायला घेतला, ठेवला.

१४ ऑक्टो., मंगळ
शाळेचा जुना फोटो कपाटातून काढला, ट्रॉलीतला. दुसऱ्या ओळीत मी, दोन रिबिनी. किती बारीक होते. मग चाकांकडे लक्ष गेलं. सि. अगाथांच्या ट्रॅ.च्या मागच्या चाकांची मधली तबकडी पालथ्या वाटीसारखी, फुगीर बाजू बाहेर. मिसेस पीटरकडच्याची वाटी उताणी. यांना फोटो दाखवला. चष्मा लावला, काढला, परत लावला.
"यात उलटी बसवली आहेत. चाकं आत येतात तशी. मला कसं नाही सुचलं?"
तुम्ही कॉन्व्हेंटमध्ये नव्हता ना, म्हटलं. संध्याकाळी पाहिलं तर पेटी पलंगाखालून बाहेर, पाने तेल लावून वर्तमानपत्रावर मांडलेले.

१७ ऑक्टो., शुक्र.
मिसेस पीटरना कळवून गेलो (इंजिन बघायचं नव्हतं, हरकत नाही). यांच्या दोन मित्रांनी जॅक लावून चाकं फिरवली. यांनी नुसतं सांगायचं ठरलं होतं. शेवटचे नट यांनीच आवळले. मिसेस पीटर म्हणाल्या, कल शाम तक रखो, अपने पेड़ों में चलाकर देखो, फिर बात करेंगे. पटेलजींना म्हटलं, सोमवारी सांगते.
सुतळी मीच धरली. एक टोक डाव्या चाकाच्या बाहेरच्या कडेला, गाठ उजव्या चाकाच्या कडेला. बरोबर टेकली. पुन्हा मोजलं, टेकली.
हे वाकून बघत होते. "ताणून राहिली तू."
थोडी ताणली. सि. अगाथांनी पाहिलं असतं तर वर्गाबाहेर उभं केलं असतं.
पण दोन्हीकडे वीत-वीत सोडलेली आहेच. उद्या सकाळी पहिली ओळ. मोजे घालून जाणार.