चौदा चाकांची सवत

अहो,

‘प्रिय’ लिहायला घेतलं होतं, पण हात धजला नाही. इतक्या वर्षांच्या संसारात ना मी तुम्हाला कधी प्रिय म्हटलं, ना तुम्ही मला. आता मी एकटीनेच कशाला सुरुवात करायची?

उद्या तुमचा ट्रेलर विकतेय, म्हणून आज लिहायला बसले. घेणारे दुसरे कोणी नाहीत, तुमचेच दोस्त बाजीराव आहेत. एकदा ती गाडी गेली की भांडायला कारण उरणार नाही, आणि माझं भांडण तर अजून बाकी आहे. दवाखान्यात तुमच्याभोवती सारखी माणसं असायची. त्यांच्यासमोर काय बोलणार?

लोकांच्या बायकांना दुसऱ्या बाईचा संशय असतो. मला संशय घ्यायची सोयच नव्हती. नेरूळला आपल्या बिल्डिंगसमोरच्या मोकळ्या प्लॉटवर ती उघड उघड उभी असायची, माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसेल अशी. तिला तुम्ही ‘बाई’ म्हणायचा आणि मला ‘अगं’. सांगा, कुणाचा मान मोठा?

मद्रासपर्यंत लोखंडाची फेरी करून यायचा, तर आधी घरात पाऊल नाही. लोखंडी टॉमीचा दांडा घेऊन एकेका टायरवर ठोकत, आवाज ऐकत गाडीभोवती फिरायचा. जोडीच्या चाकांमध्ये अडकलेला दगड वाकून वाकून काढायचा. चहा दोनदा गरम करून मी खिडकीतून बघत राहायचे. तिच्या पोटातली हवा जरा कमी झाली की तुम्हाला ठोक्यावर कळायचं. माझं काय बिनसलंय हे मात्र तोंडाने सांगूनही कळायचं नाही!

आणि तो हात. गाडी थांबली की चाकाच्या मधोमध तळहाताची उलटी बाजू लावून बघायचा, बेअरिंग तापलंय का ते. किती हळू लावायचा. एकदा मला चांगला ताप भरला होता, तेव्हा दारातूनच म्हणालात, “गोळी घे.” माझं कपाळ काय ग्रीसने भरलेलं नव्हतं म्हणून?

दसऱ्याला पहिली पूजा तिची. झेंडूच्या माळा तिला, चाकांना हळदकुंकू, चाकाखाली लिंबू. नवे टायर तिला पुढच्या दोन चाकांना, कारण जुन्यावर रबर चढवलेल्या रिमोल्डवर तुमचा भरवसा नाही. मी एक चांगली साडी मागितली तर म्हणालात, आहे ती काय वाईट आहे? त्या दिवशी मी तिच्यावर जळले ते आजतागायत जळतेच आहे. लोखंडावर काय जळायचं, असं लोक म्हणतील. म्हणू देत. त्यांच्या नवऱ्याने लोखंडाला बाई म्हटलं नव्हतं.

तुम्ही गेल्यावर मी घरात बसून राहिले. लेक सासरी परत गेली आणि मी दार लावून घेतलं. तर बाजीरावांची बायको कमल दर आठवड्याला हजर. “चला वैनी, वाशीला भाजी आणू.” “चला, मंदिरात जाऊ.” मी नको म्हटलं तरी चपला पुढ्यात ठेवायची. मला वाटलं, बिचारीला माझी दया येते.

परवा गाडी बघायला कळंबोलीच्या यार्डात गेले; तुम्ही दवाखान्यात गेल्यापासून ती तिथेच उभी होती. मनातून वाटत होतं, सगळे टायर बसून गेले असतील आणि बाईसाहेबांचा तोरा उतरला असेल. पाहते तर ती ठणठणीत! मी बाजीरावांना विचारलं, कोण बघतं हिच्याकडे?

“मीच की. गाडी एका जागी हुबी ऱ्हायली की टायर खालनं बसत्यात, वैनी. दर आठवड्याला जरा पुढं-मागं घ्यायची. दवाखान्यात त्यानं शपत घातलीवती. म्हनला, गाडी एका जागी ठिवू नका, आन् आमच्या हिलाबी बसू दिऊ नका.”

म्हणजे कमल तुमच्या सांगण्यावरून येत होती?

मला तिथेच, लोखंडाच्या त्या खडखडाटात, रडू फुटलं. हे मला का नाही सांगितलंत? मी उशाशीच तर होते. आणि तरीही, डोळे पुसता पुसता मी काय विचारलं असेल?

“भावजी, आधी कुणाचं नाव घेतलं, गाडीचं का माझं?”

बाजीराव म्हणाले, “गाडीचं.”

खोटं बोलले असते तर काय बिघडलं असतं? पण दोस्त तुमचाच. सांगते काय, एका वाक्यात आम्हा दोघींना बसवलंत, तेही तिला पुढच्या सीटवर.

तर ऐका, शब्द देते. घरात बसून राहणार नाही. कमल आली नाही तरी चपला मी स्वतः घालीन. पण हे त्या गाडीच्या बरोबरीने म्हणून नाही. गाडीला हलवावं लागतं, मी आपली आपण चालीन.

उद्या सही केली की तुमची बाई बाजीरावांची होईल. मी मात्र अजून तुमचीच आहे. एवढं तरी तिच्या आधी माझं नाव घेऊन आठवा.

तुमची,
सुमन