भारी आहे गं

मंगळवार, ९ डिसेंबर, संध्याकाळ

पुण्याच्या नणंदेने सासूबाईंसाठी सात किलोची रजाई पाठवली. आत काचेचे बारीक मणी भरलेत. अंगावर वजन पडलं की घाबरणं थांबतं म्हणे. सासूबाईंचं स्वतःचं वजन अडतीस किलो. दिवसभर त्यांचं एकच, "शोभा, जीव घाबरून राहिला माझा, जवळ बस." आठ वर्षं झाली हे ऐकतेय.

आज दुपारी मीच पांघरून दिली. त्यांचे हात आत राहिले, काढता येईनात. मी पाहिलं. बाहेर जाऊन चहा घेतला, निवांत.

पाचला नणंदेचा व्हिडिओ कॉल आला. "आई, कशी आहे रजाई?"

"भारी आहे गं."

"बघ वहिनी, आवडली आईला."

पुण्यात भारी म्हणजे झकास. तिकडे राहून ती विसरली की आमच्या जबलपुरात भारी म्हणजे जड. सासूबाई पुन्हा म्हणाल्या, "बहुत भारी आहे." ती अजूनच खूश. मी फोन धरून उभी होते. एक शब्द सांगितला असता तर? पण काहून सांगू? ती तिकडून येऊन जवळ बसणार होती का?

फोन ठेवला तर सासूबाई माझ्याकडेच बघत होत्या. हात अजून आतच.

"तुला तर समजलं नं, शोभा?"

"हो," म्हटलं, आणि खांद्यावरून सरकलेली रजाई गळ्यापर्यंत ओढून दिली.

तेव्हापासून त्यांनी मला जवळ बस म्हटलेलं नाही.